तुमच्या अंगावरचा तिरंगा

भाऊजी,

काल तुमचं तेरावं उरकलं. बासुंदी तुम्हाला आवडायची तशी आटली नाही, पातळच राहिली, त्यामुळे वाटीगणिक तुमची आठवण निघाली. माझा प्रशांत म्हणाला, "काका होते तो कटोरी वापस भेज देते." सगळे हसले. आज माणसं आपापल्या गावी गेली, मांडववाल्याची भांडी गेली, आणि मी तुमच्या खुर्चीत बसून हे लिहिते आहे. तुम्ही असताना या खुर्चीत बसायची कोणाची टाप नव्हती.

पेपरात तुमच्यावर मोठा लेख आला आहे. फोटो तुमचा आहे, विमान भलत्याचंच आहे. 'छत्तीसगढ़ के आसमान का शेर' असं वर छापलं आहे. छत्तीसगढच्या आसमानात तुम्ही कधी विमान चालवलं, हे मला तरी ठाऊक नाही. बाकी जन्म, शाळा, युद्ध, वीरचक्र, निवृत्ती, सगळं ओळीनं आहे. ते वाचून तुमच्याविषयी काहीच कळत नाही. म्हणून म्हटलं, आपलं जे भांडण अर्धवट राहिलं ते तरी मी पुरं करावं. उत्तर द्यायला तुम्ही नाही, ही संधी मला पुन्हा मिळायची नाही.

मी या घरात लग्न होऊन आले तेव्हा तुम्ही शाळेत जात होता. गुडघे फुटलेले, शर्टाची गुंडी तुटलेली, आणि मी तुम्हाला 'अहो भाऊजी' म्हणायचं! सासूबाई तुमच्या लहानपणीच गेलेल्या. माईंनी, तुमच्या थोरल्या बहिणीनं, तुम्हाला कडेवर वाढवलं. त्यांचं लग्न होऊन त्या गोंदियाला गेल्या आणि त्यांची जागा माझ्याकडे आली. मला ती जागा घेता आली नाही हे मी तेव्हाच ओळखलं. ताप आला की तुम्ही माईंचं नाव घ्यायचात. माझ्याशी मात्र तुम्ही भांडायचात, आणि ते मला पुरेसं होतं. भांडणाऱ्या माणसाला घर परकं वाटत नाही.

माई दिवाळीला यायच्या आणि सगळ्या पाऱ्याला, म्हणजे मोहल्ल्याला, सांगत फिरायच्या, "आमचा दिनू कशालेच भीत नाही. अंधाराले नाही, सापाले नाही, मास्तराले तर नाहीच नाही." तुम्ही वायुसेनेत गेलात तेव्हा मामंजी आठवडाभर जेवणावर रुसले होते. रेल्वेतली नोकरी ठरल्यासारखी असताना पोरगा आभाळात निघाला म्हणून. माई मात्र म्हणाल्या, "जाऊ द्या, बाबा. तो पडत नसतो."

युद्ध झालं, तुम्हाला वीरचक्र मिळालं, आणि काय झालं ते आम्हाला दुसऱ्यांकडूनच कळलं. खालून मारा चालू असताना तुमच्या विमानाला लागलं होतं. सोबत्याच्या विमानाची दिशा दाखवणारी यंत्रं बंद पडली होती, त्याला वाट दिसेना. तुम्ही सरळ परत यायचं सोडून वळलात, त्याच्या शेजारी राहिलात आणि त्याला घरी आणलंत. तुम्हाला विचारलं की तुम्ही म्हणायचात, "त्यात काय? मलेही तिकडंच यायचं होतं." हे वाक्य तुम्ही इतक्यांदा म्हटलंत की पुढे पुढे ते पाठांतरासारखं वाटू लागलं.

दुसऱ्या एका मित्राची गोष्ट मात्र तुम्ही मला आपण होऊन सांगितलीत. तो गेला तो परत आलाच नाही. विमान सापडलं नाही, तोही नाही. त्याची ट्रंक घेऊन तुम्हाला त्याच्या घरी पाठवलं होतं. दारात त्याची आई उभी होती. तिनं ट्रंकेकडे पाहिलंच नाही, दोन्ही हात तुमच्यापुढे धरले. "वहिनी, काही मागत नव्हती ती. नुसते हात धरले होते. आणि माह्याजवळ त्यात ठेवायले काहीच नव्हतं." एवढं बोलून तुम्ही उठलात आणि बागेला पाणी घालायला गेलात. त्या दिवशी गुलाबाच्या वाफ्याचं तळं झालं.

त्यानंतर एक प्रश्न माझ्या तोंडाशी कैकदा आला. तुमच्या गोळ्यांनी पलीकडेही कोणाच्या घरी असंच झालं असेल का? तिकडेही एखाद्या उंबऱ्यात कोणी हात धरून उभं राहिलं असेल का? मी विचारलं नाही. उत्तर तुमच्याजवळ होतं असं मला वाटतं, कारण युद्धाचा सिनेमा लागला की तुम्ही उठून जायचात. आता वाटतं, विचारायला हवं होतं. तुम्ही चिडला असतात, पण एकटे राहिला नसतात.

निवृत्त होऊन तुम्ही रायपूरला परत आलात. लग्न केलं नाही, ते काहून केलं नाही हा विषय आपण तीस वर्षं पुरवला. हे गेले, प्रशांत उरला औद्योगिक वसाहतीतल्या रोलिंग मिलमध्ये लागला, आणि या घरात तुम्ही, मी आणि शिफ्टवरून येऊन झोपणारा प्रशांत असे तिघं उरलो. मग मध्यप्रदेशातून फुटून छत्तीसगढ राज्य नवीन झालं. सगळ्यांनाच घाई झाली होती. मंत्रालय एका जुन्या दवाखान्याच्या इमारतीत बसलं, आपल्या तात्यापाऱ्यातल्या रिकाम्या खोल्या भोपाळहून आलेल्या बाबू लोकांनी भाड्यानं घेतल्या. राज्याला आपला पक्षी हवा होता, आपला प्राणी हवा होता, तसाच आपला वीरही हवा होता. तो त्यांना आपल्या ओसरीत सापडला.

"सर, आप तो हमारे वीर सपूत हैं," तो अधिकारी म्हणाला होता. तुम्ही चष्मा वर केलात. "भैया, सपूत तो हूँ, पर किसका, ये पहले तय कर लो. पैदा हुआ तब मध्यप्रांत था. मेडल मिला तब मध्यप्रदेश था. आप लोग तो अभी आए हो." बिचारा चहा तसाच ठेवून हसत राहिला.

सत्काराच्या मंचामागे विमानाचं मोठं चित्र लावलं होतं. तुम्ही माइक हातात घेतलात आणि आभार मानायचे सोडून म्हणालात, "ये जो पीछे लगा है, इसमें दो इंजन हैं. मेरा हंटर था. उसमें एक था. एक ही में काम चल गया." लोकांनी टाळ्या वाजवल्या. शाल अंगावर आली, श्रीफळ हातात आलं, त्याची मी दुसऱ्या दिवशी चटणी वाटली. आणि चटणी खाता खाता तुम्ही जे बोललात त्यातून आपलं भांडण सुरू झालं.

मला वाटायचं, तुम्हाला मानसन्मानाचा कंटाळा आहे. तसं मी बोलूनही दाखवलं. तुम्ही माझ्याकडे असं पाहिलंत जणू मी मूर्खपणाच केला. "कोण म्हणते? मले पाहिजे मान. पण शालीचा नाही. जे तिथं लढाईत होते, त्यांच्या वर्दीतल्या पोरायचा पाहिजे. मी मेल्यावर येतील ते. बंदुका वाजल्या पाहिजे, बिगुल वाजला पाहिजे, अंगावर झेंडा पाहिजे. सगळं पाहिजे." आणि मग पोळीचा तुकडा मोडत म्हणालात, "झेंडा काढून घरच्याच्या हातात देतात. तो तुम्ही घ्यायचा."

"प्रशांत घेईल," मी म्हटलं.

"प्रशांत अग्नी देईल. झेंडा तुम्ही घ्यायचा."

"बायका घाटावर जात नाहीत आपल्यात. तुमचे भाऊ गेले तेव्हा मी दारापर्यंतच गेले होते."

"म्हणूनच म्हणून राहिलो. तेव्हा तुमच्या हातात काय आलं? माणूस गेला अन् तुम्ही उंबऱ्यात रिकाम्या हातानं उभ्या. मले नाही चालणार."

मी म्हटलं, तुमच्या आधी मीच जाईन, म्हणजे प्रश्नच मिटला. तुम्ही म्हणालात, वहिनी, तुम्ही माझ्याशी भांडल्याशिवाय जायच्या नाहीत. पुढची काही वर्षं हा विषय लोणच्यासारखा अधूनमधून ताटात यायचा. मी कधी हो म्हटलं नाही. तुम्हीही सोडलं नाही.

मग पौषातल्या थंडीत एका सकाळी तुम्ही चहाला उठलाच नाहीत. मी दार वाजवून म्हटलं सुद्धा, "सूर्य डोक्यावर आला, भाऊजी." त्याविषयी यापेक्षा जास्त मला लिहवत नाही.

प्रशांतनं फोन केले. माई गोंदियाहून निघाल्या. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी वायुसेनेच्या दूरच्या तळावरून गाडी आली. एक तरुण अधिकारी, सोबत काही जवान, एक बिगुलवाला. त्यांनी तुम्हाला पाहिलं आणि ओसरीतच कडक सलाम ठोकला. त्या पोरांचा युद्धाच्या वेळी जन्मही झाला नसेल. तुम्ही त्यांना कोण होता? तरी त्यांच्या चेहऱ्यावर जे होतं ते सत्काराच्या मंचावर कोणाच्याच चेहऱ्यावर नव्हतं. शाल आणि सलाम यातला फरक तुम्ही मला सांगत होता आणि मी चटणी वाटत होते.

अधिकाऱ्यानं विचारलं, "फ्लैग कौन रिसीव करेंगे?" प्रशांत पुढे झाला. "मैं लूँगा. आई, तू घर पे रुक, माई के पास." माईंनीही मान हलवली. "हव, बायका काहून जातील घाटावर? आजवर कोणी गेली का या घरची?"

मी काही भाषण केलं नाही. कोपऱ्यातून चपला ओढल्या आणि पायात घातल्या. प्रशांतनं माझ्याकडे पाहिलं आणि गाडीचं दार उघडलं. माईंनी तोंड फिरवलं.

महादेव घाट मी आयुष्यभर जत्रेला पाहिला, खारुनच्या पाण्यात दिवे सोडले, पण स्मशानाच्या बाजूला कधी गेले नव्हते. जवानांनी बंदुका उलट्या धरल्या आणि माना खाली घातल्या. पुष्पचक्रं वाहिली. बिगुलाचा सूर मध्ये एकदा चिरकला, थंडी होती. तुम्ही असता तर त्या पोराला बाजूला घेऊन दम भरला असता आणि नंतर घरी जेवायला आणलं असतं. बंदुका वाजल्या तेव्हा नदीवरचे बगळे उठले. प्रशांत दचकला, गुरुजी दचकले, मीही दचकले. मला वाटलं, हे सगळं तुम्हाला पाहिजे होतं, मिळालं. माणसाला जे हवं असतं ते त्याच्या पश्चात मिळालं तर त्याचा आनंद करायचा की नाही, हे मला कळेना. मी तो केला.

मग त्यांनी तुमच्या अंगावरून तिरंगा काढला, चौघांनी मिळून घडी घातली, आणि तो अधिकारी माझ्यासमोर आला. मी दोन्ही हात पुढे धरले. "माँजी," तो हळूच म्हणाला, "इसे ज़मीन पर मत रखिएगा." कापड उन्हानं कोमट झालं होतं. झेंडूची एक पाकळी घडीत अडकली होती, ती कोणी काढली नाही.

प्रशांतनं अग्नी दिला. आम्ही परत निघालो. आणि खरी अडचण मग घराच्या दारात आली, भाऊजी. तिचा विचार तुम्हीही केला नव्हता आणि मीही नाही.

घाटावरचं काही घरात आणायचं नसतं. प्रेतावर घातलेलं कापड तर तिथंच सोडून यायचं असतं. पारावरच्या पोरालाही हे ठाऊक आहे, आणि आपल्या दोघांच्या एवढ्या भांडणात ते एकदाही आलं नाही. दारात निंबाचा पाला होता, पाण्याची बादली होती, घर धुऊन काढलं होतं, आणि उंबऱ्यात माई उभ्या होत्या.

"हे काय आणलं? प्रेतावरचं कापड घरात आणून राहिली का, सुमन?"

"माई, झेंडा आहे."

"झेंडा असो का शालू असो. त्याच्या अंगावरचं आहे ना? मागून दुसऱ्याले नेते ते." माई माझ्याकडे नाही, प्रशांतकडे पाहत होत्या. घरात हा एकच मुलगा उरला आहे. माईंचा राग नव्हता तो, त्यांना भीती वाटत होती.

मग सगळे तोडगे निघाले. कोणी म्हणालं, खारुनला सोडून या. कोणी म्हणालं, धुऊन घ्या. अंगावरच्या तिरंग्याला साबण लावायचा? शेजारचे वर्माजी म्हणाले, "स्कूल में दे दीजिए, दीदी, बच्चे देखेंगे." प्रशांत म्हणाला, "अभी के लिए डिक्की में रख देते हैं." मी त्याच्याकडे असं पाहिलं की तो आंघोळीला निघून गेला. घाटावरून आलेले सगळे मागच्या अंगणात एकेक करून आंघोळ करून आत गेले. मी तशीच. आंघोळ करायची तर झेंडा कुठं ठेवायचा? जमिनीवर ठेवायचा नाही. कोणाच्या हातात द्यावा तर जो तो आंघोळ केलेला, शिवला की पुन्हा बादलीखाली. आणि आंघोळ केल्याशिवाय मला आत घेणार नाहीत. तुम्हाला हसू येत असेल. मलाही एरवी आलं असतं. पण हात भरून आले होते, आणि मला दिसत होतं की आणखी घटकाभरानं मीच थकून प्रशांतला हाक मारणार, आणि तो ते घेऊन नदीवर जाणार. म्हणजे तुमचा शब्द मी घाटावर पाळला आणि दारात मोडला.

तेव्हा मी ते केलं, जे करायला तुम्ही मला मनाई केली होती.

"माई," मी म्हटलं, "दिनू भाऊजींनी एक गोष्ट मले सांगितली होती. तुम्हाले सांगू नको म्हणाले होते. ऐका, मग म्हणाल तर मी स्वतः नदीवर सोडून येते."

आणि मी सांगितलं. वाटाणे सोलता सोलता एका दुपारी तुम्ही जे सांगितलं होतं ते. त्या दिवशी सोबत्याला घेऊन तुम्ही उतरलात. इंजिन बंद केलं. माणसं धावत आली, विमानाला शिडी लावली, खाली उभी राहून टाळ्या वाजवू लागली. आणि तुम्हाला उठता येईना. वर असताना हात कामात होते, भीती वाटायला सवडच नव्हती. ती सगळी भीती आता एकदम आली. पाय हलेनात. खालचे ओरडत होते, उतरा, उतरा, आणि तुम्ही त्या लहानशा जागेत थरथरत बसला होता. "वहिनी, मले तेव्हा देव नाही आठवला. माई आठवली. मी झाडावर चढायचो अन् उतरता यायचं नाही, तर खाली उभी राहून हात करायची. वाटलं, ती असती तर उतरलो असतो." शेवटी एक माणूस शिडी चढून वर आला आणि तुम्हाला लहान पोरासारखं धरून त्यानं खाली आणलं. "पण माईले नका सांगू. तिले वाटते, मी कशालेच भीत नाही."

माईंनी मध्ये एकदाही मला थांबवलं नाही. त्यांचं तोंड अर्धवट उघडं होतं. ऐंशीच्या घरातलं ते शरीर, दाराच्या चौकटीला धरून. मला वाटलं, मी चूक केली. आयुष्यभर त्यांनी ज्या एका गोष्टीचा अभिमान बाळगला ती मी त्यांच्या हातातून काढून घेतली, आणि तीही आजच्या दिवशी.

"उतरता यायचंच नाही त्याले," माई म्हणाल्या. "चढायचा अन् रडायचा वेडा पोट्टा."

मग त्यांनी चौकट सोडली. अनवाणी पायानं उंबरा ओलांडला, ओल्या अंगणात माझ्यासमोर आल्या, आणि दोन्ही हात पुढे केले. माझ्याकडे त्यांचं लक्ष नव्हतं.

"ये रे," त्या म्हणाल्या.

मी झेंडा त्यांच्या हातात ठेवला. त्यांनी तो छातीशी घेतला, पदरानं झाकला, आणि कोणाकडे न पाहता आत घेऊन गेल्या. धुतलेल्या घरातून, देवापुढून, पार तुमच्या खोलीपर्यंत.

मग मी तिथेच बादलीजवळ बसले आणि रडले, भाऊजी. तोवर मला सवडच झाली नव्हती.